ठिणगी आणि मुंग्या: १९६६ च्या जीटीओच्या प्रकल्प नोंदी

१० मार्च २०२४, रविवार

जनरल मोटर्सची ही जुनी पाँटिअ‍ॅक जीटीओ गाडी आज आमच्या गॅरेजात आली. शेजारच्या घरातून आमच्या घरात, म्हणजे जेमतेम चाळीस पावलं. तरी तीन तास लागले, कारण मागची दोन्ही चाकं ब्रेकला चिकटून बसली होती. ड्रम गरम करून, हळूहळू ठोकून सोडवले. जावईबापू आणि मी ढकलत होतो आणि शेजारच्या आजोबांची मुलगी स्टिअरिंगवर.

आमच्या घरात त्यांना सगळे ‘पलीकडचे आजोबा’च म्हणत. मुली लहान होत्या तेव्हा पडलेलं नाव. डेट्रॉइटजवळच्या रॉयल ओकमधलं ते घर त्यांच्या आईवडिलांचं, जन्मभर ते तिथेच राहिले. डिसेंबरात गेले. मुलगी दूर टेक्सासला असते. तिने गाडी विकायला काढली ती आधी मला विचारून. माझं वय चौसष्ट, पाठ दुखते, आणि तरी मी एका क्षणात हो म्हणालो.

गाडीचा कारखान्याने दिलेला ओळख क्रमांक २४२१७६पी असा सुरू होतो. २४२ म्हणजे जीटीओ, १७ म्हणजे हार्डटॉप, ६ म्हणजे १९६६ आणि पी म्हणजे पाँटिअ‍ॅक शहरातला कारखाना, इथून वीस मिनिटांवर. गाडी जन्मली तिथून फार लांब कधी गेलीच नाही.

१६ मार्च

इंजिन तपासलं. ब्लॉकवर पुढच्या बाजूला डब्ल्यूटी ठोकलेलं आहे, म्हणजे चार तोंडांचा कार्बोरेटर आणि हाताचे गिअर. ३८९ घनइंच, आपल्या हिशोबात जवळजवळ ६.४ लिटर. मी वाढलो त्या सदाशिव पेठेतल्या गल्लीत सगळ्यात मोठं वाहन म्हणजे डॉक्टरांची फियाट ११००. तशी पावणेसहा इंजिनं या एका बॉनेटखाली मावतील. कागदावर ३३५ अश्वशक्ती. (तेव्हा आकडे उघड्या इंजिनावर मोजून छापत. पंखा, अल्टरनेटर, सायलेन्सर लावून मोजायची पद्धत १९७२ पासून रुळली, त्यामुळे जुन्या नव्या आकड्यांची तुलना करणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.)

ही गाडी मुळात एका पळवाटेतून जन्मली. जनरल मोटर्सचा नियम असा की मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही. पाँटिअ‍ॅकचे जॉन डीलोरियन, बिल कॉलिन्स आणि रस गी यांनी १९६४ साठी टेम्पेस्ट या मधल्या आकाराच्या गाडीत ३८९ चं इंजिन बसवलं आणि ते गाडीचं नवं मॉडेल म्हणून न दाखवता जादा पैशांत मिळणारी सोय म्हणून यादीत टाकलं. पहिल्याच वर्षी ३२,४५० गेल्या. १९६६ ला जीटीओ स्वतंत्र मॉडेल झाली आणि ९६,९४६ विकल्या, पुन्हा कधीच इतक्या नाहीत. त्यातली एक बावीस वर्षांच्या एका पोराने रॉयल ओकच्या मेन स्ट्रीटवरच्या रॉयल पाँटिअ‍ॅकमधून घेतली. ती ही.

आजची खरी नोंद वेगळीच. स्पार्क प्लगच्या आठही वायरी मूळच्या नाहीत. मीटर लावला तर रोध जवळजवळ शून्य. आत सरळ तांब्याची तार आहे.

२३ मार्च

मूळ वायरी सापडल्या! आजोबांच्या बाकाखाली बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, आठही गुंडाळून, प्रत्येकीला सिलिंडरच्या आकड्याची चिठ्ठी. काळ्या आवरणावर अक्षरं अजून वाचता येतात: टीव्हीआरएस. टेलिव्हिजन रेडिओ सप्रेशन.

हे नीट लिहून ठेवतो, कारण सगळी कामगिरी याच्याभोवती फिरणार आहे. प्लगमध्ये ठिणगी पडते तेव्हा काही हजार व्होल्ट क्षणात कोसळतात. अशी प्रत्येक ठिणगी म्हणजे एक छोटं, बेशिस्त रेडिओ केंद्रच. पहिले बिनतारी संदेश ठिणग्यांनीच पाठवले होते. प्लगची तार अँटेनाचं काम करते आणि तिचा कडकडाट शेजारच्या छपरावरच्या टीव्हीच्या अँटेनात शिरतो. उपाय असा निघाला की तांब्याऐवजी कार्बन मुरवलेला धागा वापरायचा. त्याचा रोध फुटाला काही हजार ओहम. ठिणगीला तेवढ्याने फरक पडत नाही, पण उच्च वारंवारतेची थरथर तारेतच मरते. म्हणजे डेट्रॉइटच्या कारखान्यात बनणाऱ्या प्रत्येक गाडीत, समोरच्या घरात टीव्ही बघत बसलेल्या माणसासाठी केलेली ही एक सोय होती. मला ती फार मोलाची वाटते.

कॉर्व्हेटची गंमत सांगून ठेवतो. तिचं अंग फायबरग्लासचं, पत्र्याचं बॉनेट नाही म्हणून आडोसा नाही. रेडिओ घेतला तर डिस्ट्रिब्युटर (ठिणगीची वीज पाळीपाळीने प्रत्येक प्लगला वाटणारा भाग) आणि वायरींवर चकचकीत धातूचं झाकण मिळायचं. रेडिओ नको असेल तर झाकणही नाही.

मग आजोबांनी मूळ वायरी का काढल्या? वुडवर्ड अव्हेन्यूवर गाड्या पळवायला जाणारी सगळीच पोरं काढत. तांब्याने ठिणगी जोरकस होते असा समज होता.

८ एप्रिल, सोमवार

काम नाही. सूर्यग्रहण. खग्रास टोलेडोला होतं, आमच्याकडे एक बारीकशी कड उरली. तीनच्या सुमाराला अंगणात ग्रीस लागलेल्या हातांनी उभा होतो. पक्षी गप्प झाले.

२० एप्रिल

गाडीबरोबर मुलीने आजोबांचा टीव्हीही दिला: झेनिथ, कृष्णधवल, साठच्या दशकातला, व्हॅक्यूम ट्यूबचा. यूएचएफची (१४ आणि त्यापुढच्या चॅनलांची) वेगळी तबकडी आहे, म्हणजे १९६४ नंतरचा, कारण तेव्हापासून प्रत्येक नव्या संचात यूएचएफ द्यायची सक्ती झाली. इथे १९६५ मध्ये चॅनल ५० सुरू झालं ते यूएचएफवर. ज्यांचा संच जुना त्यांना वेगळा डबा विकत घ्यावा लागला.

असा संच सरळ भिंतीतल्या प्लगला लावायचा नाही. वर्षानुवर्षं पडून राहिलेले कपॅसिटर फुटतात. शिवाय काही संचांत चासिस थेट घरातल्या विजेला जोडलेली असते, त्यामुळे मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवाच. पिक्चर ट्यूबवर बंद संचातही हजारो व्होल्ट साठून राहू शकतात. आधी डिस्चार्ज, मग एक हात खिशात. हा नियम मी पुण्यात शिकलो, नारायण पेठेतल्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात, सुट्टीत उमेदवारी करताना.

अकरा कपॅसिटर बदलले. व्हेरिअ‍ॅकवर (व्होल्टेज कमी-जास्त करायच्या ट्रान्सफॉर्मरवर) चाळीस व्होल्टांपासून तासाभरात वर नेलं. ट्यूबांचा नारंगी उजेड आला, मग तो जुना वास, तापलेल्या धुळीचा आणि मेणाचा. मग पडदा उजळला. मुंग्याच मुंग्या. आता हवेत या संचाला समजेल असं काही उरलेलंच नाही, तरी मी दहा मिनिटं बघत बसलो.

२७ एप्रिल

मुंग्यांवरून दादाला पुण्याला फोन केला. पाऊण तास बोललो.

१९७२ च्या २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि पुढच्या वर्षी सिंहगडावर प्रक्षेपण केंद्र आलं. सगळ्या पुण्याचे अँटेना सिंहगडाकडे तोंड करून उभे राहिले. छपरांकडे बघून दिशा सांगता यायची. आमच्या वाड्यात एकच टीव्ही होता, लाकडी शटरचा, वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे. रविवारच्या सिनेमाला चपलांचा ढीग दारापासून जिन्यापर्यंत. दादा गच्चीवर नळ धरून, मी जिन्यात, काका खोलीत. ‘आलं का?’ ‘अजून थोडं!’ ‘आलं, आलं! ... गेलं!’ कावळा बसला की पुन्हा पहिल्यापासून.

आणि ऐन प्रसंगात खालून रिक्षा गेली की पडद्यावर ठिपक्यांच्या रेघा सरसरत जायच्या. सगळी खोली एका सुरात ‘अरे!’ म्हणायची. दादा म्हणाला, ‘आठवतं का, काकू रिक्षावाल्याला खिडकीतून ओरडायच्या?’ आठवतं.

हीच गोष्ट मी पंचवीसेक वर्षांपूर्वी कुंपणाशी उभं राहून पलीकडच्या आजोबांना सांगितली होती. ते खूप हसले आणि मग त्यांनी त्यांची सांगितली. ती अशी.

शनिवारी रात्री वडील नदीपलीकडच्या विंडसरचं चॅनल ९ लावायचे. ते कॅनडाचं, १९५४ पासूनचं, आणि आइस हॉकी बघायची तर तेच. डेट्रॉइटच्या २ आणि ७ चे मनोरे साउथफील्डला, म्हणजे घराच्या पश्चिमेला, आणि विंडसर दक्षिणेला. म्हणून छपरावर फिरता अँटेना आणि टीव्हीवर त्याचा डबा. मूठ फिरवली की डबा खट्‌खट् करत बसायचा आणि वर अँटेना सावकाश वळायचा. तरी ९ चं चित्र जरा अशक्तच यायचं. आणि त्याच चित्रात, सामना रंगलेला असताना, काळे ठिपके उमटायचे. वडील वैतागायचे. आई उठून शेगडी पेटवायची. पोरगं वुडवर्डवरून परत आलं, गल्लीत वळलं, एवढं तिला कळायचं. ‘आवाजाच्या आधी,’ आजोबा म्हणाले होते. ‘तिला माझी गाडी ऐकू यायच्या आधी दिसायची.’

मी इंजिनिअर माणूस. तेव्हाही मनात आलं, एवढ्या मोठ्या व्ही-एटचा आवाज आधी येणार नाही का? त्यांना विचारलं नाही.

११ मे

टाकी काढली, आतून गंजलेली. नवीन घेतली. हल्लीच्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं, ते जुनं रबर खातं, म्हणून सगळ्या नळ्या बदलल्या. कार्टरचा कार्बोरेटर उकलून, धुऊन, नव्या गॅस्केटवर बसवला. पुढचे ब्रेक झाले. या कामांत लिहिण्यासारखं काही नाही, फक्त गुडघे दुखले.

१ जून

इंजिन सुरू झालं.

आधी तेल. इतकी वर्षं बंद असलेलं इंजिन कोरडं फिरवणं म्हणजे बेअरिंगांचा खून. डिस्ट्रिब्युटर काढला, ड्रिलला लांब दांडी लावून तेलाचा पंप फिरवला. पाँटिअ‍ॅकचा डिस्ट्रिब्युटर घड्याळाच्या उलट फिरतो, म्हणून ड्रिलही उलटं. हे विसरलं तर तासभर फिरवूनही तेल चढत नाही. पंधरा मिनिटांत काट्यावर दाब दिसला, मग वरून रॉकरांशी तेल झिरपताना दिसलं.

डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची फट सोळा हजारांश इंच. वायरी एक-आठ-चार-तीन-सहा-पाच-सात-दोन या क्रमाने, तांब्याच्याच, जशा आजोबांनी सोडल्या होत्या तशा. तिसऱ्या खेपेला पकडलं. बायको स्वयंपाकघरातून धावत आली. म्हणाली, ‘अहो, कपाटातल्या वाट्या वाजतायत!’ मग दोघंही बराच वेळ काही न बोलता तिथेच उभे राहिलो. आजोबांच्या मुलीला फोन लावून मोबाइल एक्झॉस्टच्या मागे धरला. पलीकडून रडण्याचा आवाज आला.

१२ जून, बुधवार

आज बरोबर पंधरा वर्षं. १२ जून २००९ ला अमेरिकेतल्या मोठ्या केंद्रांनी अ‍ॅनालॉग प्रक्षेपण बंद केलं. जुन्या संचांसाठी सरकार चाळीस डॉलरचं कूपन देत होतं, त्यावर डिजिटलचा डबा मिळायचा. आजोबांनी डबा आणला आणि खोक्यातून काढलाच नाही, कारण विंडसर चालू होतं. कॅनडाची मुदत दोन वर्षं पुढची होती. २, ४, ७ सगळ्यांवर मुंग्या, आणि ९ वर माणसं बोलतायत, हवामान सांगतायत, हॉकी खेळतायत. ती दोन वर्षं हा झेनिथ नदीपलीकडच्या एका केंद्रावर जगला.

३१ ऑगस्ट २०११ ला रात्री त्यांनी मला बोलावलं. आम्ही दोघं याच संचापुढे बसलो. चित्र चालू होतं आणि मग नव्हतं. ते उठले नाहीत. बराच वेळ मुंग्यांकडे बघत होते, मी पण. मग म्हणाले, ‘हा पडदा आता गाडी आली तर सांगणार नाही.’

त्या रात्री मी त्यांची गोष्ट पहिल्यांदा खरी मानली.

२२ जून

प्रयोग. तोच न उघडलेला डबा उघडला. त्याचं चित्र चॅनल ३ किंवा ४ वर काढता येतं. डेट्रॉइटमध्ये ४ वर केंद्र होतं, म्हणून इथे सगळ्यांचे व्हिडिओ कायम ३ वर असायचे. मीही ३ ठेवलं. डबा थेट तारेने टीव्हीला जोडला तर बाहेरची खरखर आत शिरणारच नाही, म्हणून डब्याच्या तोंडाला वीतभर तार लावली आणि ती टीव्हीच्या अँटेनापासून दूर दूर नेत गेलो, चित्रात थोड्या मुंग्या येईपर्यंत. विंडसरचं चित्र जसं अशक्त असायचं तसं.

गाडी बाहेर उभी करून जावयाला म्हटलं, चालू कर.

ठिपके आले! काळे, आखूड, शिवणीच्या टाक्यांसारखे. पुण्यात असेच होते. इथल्या आणि आपल्या दोन्ही पद्धतींत सिग्नल जितका जोरकस तितकं चित्र काळं, म्हणून ठिणगी काळी दिसते. (इंग्लंडच्या जुन्या ४०५ रेघांच्या पद्धतीत उलटं होतं, तिथे ठिणगी पांढरी.)

पण जे दिसलं त्याची मला कल्पना नव्हती. इंजिन थंड होतं, चोकमुळे जलद चालत होतं, आणि ठिपके पडद्यावर भराभर वर सरकत होते. इंजिन तापत गेलं, वेग उतरत गेला, तसे ते मंदावले. मग एका क्षणी जागीच थांबले, जरा थरथरत, एखादी घार तरंगावी तसे. आणि मग उलट दिशेने खाली निघाले.

जावई आतून ओरडला, ‘बाबा, काय झालं? बंद करू का?’ मी नको म्हणून हात केला.

२३ जून

रात्री झोप नाही. हिशोब केला. आठ सिलिंडर, फोर स्ट्रोक, म्हणजे एका फेऱ्याला चार ठिणग्या. मिनिटाला ९०० फेरे असतील तर ३,६०० ठिणग्या, म्हणजे सेकंदाला ६०. इथला टीव्ही सेकंदाला साठ वेळा पडदा वरून खाली रंगवतो. दर खेपेला एक ठिणगी, त्याच जागी. म्हणून ठिपके उभे राहिले! ९०० च्या वर एका दिशेला सरकणार, खाली दुसऱ्या. ७०० वर सेकंदाला सत्तेचाळीसच, मग ते विखुरतात. ३,००० वर दोनशे, म्हणजे प्रत्येक चित्रात तीन-चार.

याचा अर्थ त्या आईला नुसतं ‘गाडी आली’ एवढंच कळत नसणार. पोरगं वेगात आलंय की सावकाश, दारात उभं राहून इंजिन चालू ठेवून बसलंय की बंद केलं, हेही तिला ठिपक्यांवरून वाचता येत असणार. तिने कधी आकडा मांडला नसेल. आईला लागत नाही.

६ जुलै

बिस्किटांच्या डब्यातल्या टीव्हीआरएस वायरी लावल्या. दोन आतून तुटल्या होत्या, मीटर काही दाखवेना, त्या जागी तशाच बनावटीच्या नव्या घेतल्या. इंजिनाच्या चालीत मला काडीचा फरक जाणवला नाही. तांब्याने ताकद वाढते हा समजच होता. टीव्हीवर जवळजवळ काही नाही, डोळे ताणले तर एखादा ठिपका.

गाडी म्हणून हेच योग्य आहे. ती कारखान्यातून अशीच निघाली होती. प्रदर्शनातला परीक्षक याच वायरी बघेल.

आजोबांच्या मुलीला सांगितलं तर ती थोडा वेळ गप्प झाली. मग म्हणाली, ‘ऑगस्टमध्ये मी येतेय. एक दिवस जुन्या लावाल?’

१७ ऑगस्ट, शनिवार

वुडवर्ड ड्रीम क्रूझ. १९९५ पासून दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी. वुडवर्ड अव्हेन्यू माणसांनी आणि खुर्च्यांनी भरून गेला होता. सकाळी सातला तांब्याच्या वायरी लावून निघालो. ती शेजारी बसली. रॉयल ओकपासून पाँटिअ‍ॅकपर्यंत आणि परत, बहुतेक वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. उष्णतेने काटा दोनदा वर गेला, एकदा बाजूला थांबावं लागलं. रस्त्याच्या कडेला एक म्हातारा माणूस खुर्चीतून उठला आणि आम्ही जाईपर्यंत उभा राहिला. ‘टेड्स’ ड्राइव्ह-इन जिथे होतं त्या स्क्वेअर लेकच्या वळणावर तिने मला गाडी हळू करायला सांगितली. पोरं तिथेच जमायची.

संध्याकाळी तिला आधी घरी सोडलं. गॅरेजचं दार बंद, झेनिथ चालू, आवाज मोठा, तार अशक्त चित्राच्या खुणेवर. मी गल्लीच्या टोकापर्यंत गेलो, वळवली, आणि आजोबा रात्री शेजाऱ्यांसाठी आणत तशी, तिसऱ्या गिअरमध्ये, पाय हलका ठेवून, परत आलो. कोपऱ्यापासून दारापर्यंत सात घरं.

मी पोचलो तेव्हा गॅरेजचं दार उघडं होतं आणि ती ड्राइव्हवेत उभी होती. बायको मागे, हातात चहाचे कप.

मी इंजिन बंद केलं आणि विचारलं, आधी काय?

‘ठिपके,’ ती म्हणाली. ‘तुम्ही तिसऱ्या घराशी होतात. आवाज नंतर आला.’